पळीभर पाण्यावरची गोळी

प्रिय आई,

आत्ता सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झालीत. पुढचा अर्धा तास मला आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही आणि चहा तर मुळीच प्यायचा नाही. उठल्यावर अर्धा तास चहाशिवाय! तुझ्या लेकीनं! ऐकून तिथल्या तिथे हसली असशील. तू गेल्याला सहा वर्षं झाली, तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण पाचच मिनिटांपूर्वी मी एक गोळी गिळली आहे. तुला बाधली होती ना, तीच. हाडांची, आठवड्यातून एकदा घ्यायची.

दचकलीस ना? तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून हा कागद.

पहिल्यापासून सांगते. जानेवारीत मी गॅलरीतल्या ओल्या फरशीवर घसरले. पडले म्हणण्यासारखं पडलेही नाही गं, नुसता हात टेकला. तेवढ्यानं मनगट मोडलं! तुझे जावई म्हणाले, "एवढ्याशा पडण्यानं?" हाडांच्या डॉक्टरबाईसुद्धा हेच म्हणाल्या, फक्त त्या हसल्या नाहीत. प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी हाडांची घनता मोजायची तपासणी करायला लावली. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "हाडं बरीच ठिसूळ झालीत अलकाताई. मणक्याची आणि खुब्याचीही. घरात कुणाचा खुबा मोडला होता का?"

आता काय सांगू? म्हटलं, "आईचा."

मग त्यांनी या गोळीचं नाव घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. मी ठणकावून सांगितलं, "दुसरं काहीही द्या, ही गोळी नको. आमच्या आईला बाधली होती."

"बाधली म्हणजे नेमकं काय झालं?"

"छातीत जळजळ. घशापासून खालपर्यंत आग पडायची."

"कशी घ्यायच्या?"

"कशी म्हणजे? पाण्याबरोबर!"

"किती पाण्याबरोबर?"

आई, मला माहीतच नव्हतं.

ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली मी. एखादा सुटा भाग नापास झाला की त्याला लाल चिठ्ठी लागायची, आणि चिठ्ठीवर कारण लिहिल्याशिवाय मी कुणाच्या बापाला सही दिली नाही. खात्यातले लोक मला मागून 'कारणबाई' म्हणायचे. तू हे ऐकलंस तेव्हा पदराआड किती हसली होतीस! तर अशा या कारणबाईनं तुझ्या गोळीला लाल चिठ्ठी लावली होती, तीसुद्धा फोनवर, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता.

तुला आठवतं का? तू म्हणालीस, "अलके, या गोळीनं छातीत फार आग पडते गं." आणि मी म्हटलं, "मग बंद कर ना ती! एवढी काय अडलीय?"

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच! एका शब्दानं वाद घातला नाहीस. एरवी आमटीतल्या चिंचेवरून माझ्याशी तासभर भांडायचीस, आणि नेमकं तिथेच माझं ऐकलंस? पुढे दोन वर्षांनी तू देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्याशी पडलीस. हातात नैवेद्याचं ताट होतं. खुबा मोडला, पण ताट मात्र वर धरलेलं होतंस, वरणाचा थेंबही सांडू दिला नाहीस. मग ऑपरेशन, आणि अंथरुणातले ते आठ महिने. आम्ही सगळे म्हणत राहिलो, "नशीब! गोळीही सोसली नाही बिचारीला."

तर डॉक्टरबाईंना "विचार करून सांगते" म्हणून मी घरी आले. विचार कसला, कप्पाळ! मी ठरवूनच टाकलं होतं. वर सल्ले देणाऱ्यांना तोटा नाही. संध्याकाळी चालायला माझ्याबरोबर येणाऱ्या एकीनं सांगितलं, "अगं, त्या गोळीनं जबड्याचं हाड मरतं म्हणे!" दुसरी म्हणाली, "मांडीचं हाड उभ्या उभ्या तुटतं." तुझ्या जावयांनी तर हाडांना चांगली म्हणून सुरगाण्याकडून पाच किलो नागली आणवली. "रोज दोन भाकरी खा, गोळ्या गेल्या खड्ड्यात." आई, मी महिनाभर नागली खाल्ली. भाकरी, आंबील, लाडू, धिरडी. आता नागलीचं नाव काढलं तरी मी घरातून उठून जाते.

पण डॉक्टरबाईंचं ते "किती पाण्याबरोबर?" काही डोक्यातून जाईना. सारखं टोचत राहिलं.

मग चैत्रात तुझ्या तिथीला त्र्यंबकला माहेरी गेले. घरात नेहमीचीच धांदल. वरच्या खोल्यांत तीन दिवसांच्या विधींना आलेले यजमान उतरलेले, दादा त्यांच्या तयारीत, आणि वहिनी सोवळ्यात, तुझ्याच जागेवर, तुझ्याच पाटावर, सकाळपासून पाणीसुद्धा न पिता स्वयंपाकाला बसलेली. पानं उठली, आवराआवर झाली, तेव्हा मी तिला गाठलं.

"वहिनी, आई ती सोमवारची गोळी कशी घ्यायची गं?"

ती भांडी पुसत होती. "कशी म्हणजे? पहाटे आंघोळ करून सोवळं नेसल्या की घ्यायच्या. तुम्हीच तर उपाशीपोटी म्हणाला होतात ना, वन्सं?"

"आणि पाणी?"

"पाणी कुठलं हो? नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात काही घालायच्या नाहीत त्या. पण तुम्ही पाण्याबरोबर सांगितलेलं. मग संध्येच्या ताम्हनातली पळी घ्यायच्या आणि एक पळी पाण्यावर गिळायच्या. तेवढं चालतं म्हणायच्या."

एक पळी!

"आणि मग?"

"मग काय? लगेच कामाला. सोमवारी गर्दी केवढी असते! पाट्यावर पुरण वाटायला बसायच्या ते अर्धा-पाऊण तास."

आई, पाट्यावर! म्हणजे कंबरेत पुरती वाकून! एवढंसं पाणी, त्यात ती गोळी अन्ननलिकेत अडकलेली, आणि वर तू पुरण वाटतेयस! आग पडेल नाही तर काय होईल?

मी वहिनीवर उखडले. "मग तू सांगितलं का नाहीस?"

ती बिचारी गोंधळली. "मला कुणी विचारलं का, वन्सं? आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं? तुम्ही लिहून दिल्याप्रमाणेच तर चाललं होतं."

"मी लिहून दिलं?"

ती उठली, फडताळातून तुझा औषधांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. वहिनी काही टाकत नाही, तुला माहितीये. झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच होती, माझ्या अक्षरात. 'सोमवार. सकाळी उपाशीपोटी. पाण्याबरोबर.'

तीनच ओळी. किती पाणी, ते नाही. अर्धा तास बसून राहायचं, तेही नाही. तुझ्या डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं होतं गं. पेलाभर साधं पाणी आणि अर्धा तास ताठ, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण चिठ्ठी लिहिताना मला बस पकडायची होती. कारखान्यात माप नसलेलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं की मी ते आल्या पावली परत पाठवायची. आणि माझ्या आईला मी माप न घातलेली चिठ्ठी दिली!

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. वहिनी घाबरून दादाला बोलावून घेऊन आली. त्याला सगळं सांगितलं. त्यानं झाकणातली चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, "औषधाच्या पाण्यानं सोवळं मोडत नाही गं. कधीच मोडत नाही. पेलाभर प्यायली असती तरी काही बिघडत नव्हतं. मला नुसतं विचारायचं ना तिनं!"

का नाही विचारलंस, आई? घरात शास्त्र सांगणारा मुलगा होता. परगावची माणसं शंका घेऊन त्याच्याकडे यायची. आणि तू? तू कधी कुणाला काही विचारलंच नाहीस. दुसऱ्यांची पानं वाढण्यात तुझा जन्म गेला, स्वतःसाठी पेलाभर पाणी मागायलासुद्धा तुला संकोच. याचा मला राग आहे हं! माझ्या चुकीचा आहेच, पण तुझ्याही या सवयीचा आहे. आज सांगून टाकते.

निघताना वहिनीनं तुझी पळी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "ही तुमच्याकडे असू द्या."

घरी आले आणि पहिलं काम काय केलं असेल? ओळख बरं! तुझ्या पळीनं मी माझा पाण्याचा पेला भरला, एक-एक पळी मोजून. तुझे जावई दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं असेल, बायकोचं डोकं फिरलं. अडतीस पळ्या लागल्या, आई. अडतीस. तू त्यातली एक घेतलीस.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेले. या वेळी वही घेऊन. गेल्या गेल्या विचारलं, "ती गोळी नीट घेतली असती तर माझ्या आईचा खुबा वाचला असता का?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ते कुणीच सांगू शकत नाही. गोळी घेऊनही हाड मोडतं कधी कधी. पण मोडण्याची शक्यता कमी होते, हे खरं." मग म्हणाल्या, "आईचं जाऊ द्या. तुमचं बोलू या."

जाऊ कशी देणार? पण वही उघडली. जबड्याचं विचारलं. म्हणाल्या, "होतं, पण क्वचित. म्हणूनच आधी दात दाखवून घ्यायचे, काही काढायचं असेल तर आधीच काढायचं." मांडीच्या हाडाचं विचारलं. "तेही होतं, फार क्वचित, आणि जास्त करून बरीच वर्षं घेतल्यावर. म्हणून ही गोळी जन्मभर नाही घ्यायची. काही वर्षांनी थांबून परत बघायचं. मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर अंगावर काढायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं." आणि जळजळ? "पेलाभर पाणी पिऊन, ताठ बसूनही झाली, तर बंद करायची आणि मला फोन करायचा. मैत्रिणीला नाही! वर्षातून एकदा सलाईनमधून घ्यायचं औषधही आहे."

"आणि काहीच नाही घेतलं तर?"

तर त्यांनी माझं मनगट हातात घेतलं. "हे एकदा मोडलंय. ठिसूळ हाड एकदा मोडलं की पुढच्या वेळची भीती जास्त. तो धोका क्वचितचा नाही, अलकाताई."

नागलीचंही विचारलं, तुझ्या जावयांच्या समाधानासाठी. "खा की! रोज खा, चाला, ऊन घ्या. पण आता एवढ्यावर भागणार नाही." हे मी घरी आल्याबरोबर सांगितलं. तुझे जावई दोन दिवस फुगून होते.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवस घेतले. एका पारड्यात जबडा, मांडी, जळजळ. दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं, ते मला फार शोधावं लागलं नाही. तुझे ते आठ महिने ठेवले. दर खेपेला मी आले की तू म्हणायचीस, "अलके, मला एकदा उभी कर गं. एकदाच. खिडकीतून डोंगर बघते आणि परत निजते." आणि आम्ही म्हणायचो, "उद्या करू हं." तू गेलीस, पण तुला कुणी उभी केली नाही. मला गोळीची भीती वाटत होती, अजूनही वाटते. पण त्या "उद्या करू"ची भीती जास्त वाटते. पारडं तिथेच खाली गेलं.

मग दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मागची एक दाढ किडली होती, ती काढली आणि जखम भरेपर्यंत थांबले. रक्त तपासलं, किडनी बघितली, ड जीवनसत्त्व कमी निघालं तर ते आधी भरून काढलं. आंबट ढेकर येतात का, गिळताना अडकतं का, तेही डॉक्टरबाईंनी विचारलं. सगळं वहीत लिहून घेतलं. माप घालून! वार बुधवार धरलाय. उपास नाही, यजमान नाहीत, पुरण नाही.

थांब, फोन वाजतोय.

वहिनीचा होता! हो, तुला सांगायचंच राहिलं. तुझ्या तिथीनंतर महिन्याभरात मी तिला इकडे नाशिकला आणून तिचीही तपासणी केली. "मला काय धाड भरलीये?" म्हणत होती, पण तिची पाठ बघितलीस ना, कशी पुढे झुकत चाललीय? अगदी तुझ्यासारखी. तिचाही रिपोर्ट वाईटच आला. तिलाही डॉक्टरबाईंनी सगळं तपासून, समजावून हीच गोळी दिली, आणि आम्ही दोघींनी आजचाच दिवस ठरवला.

"वन्सं, घेतली!" फोनवर नुसती ओरडत होती. "पेलाभर! पूर्ण! हे समोर उभे होते, शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत हलले नाहीत. आणि आता मला पाटावर बसूच देत नाहीयेत. स्वतः कणीक मळतायत, आणि ती बघा, नुसती चिकटतेय हाताला सगळी!"

मागून दादाचा आवाज आला, "पाणी जास्त झालंय थोडं. तू जागची हलू नकोस!"

आई गं, तुझा लेक कणीक मळतोय! त्र्यंबकच्या त्या स्वयंपाकघरात! आज यजमानांच्या पानात कसल्या पोळ्या पडतील देव जाणे. मी इतकी हसले की तुझे जावई धावत आले. त्यांना वाटलं, गोळी बाधली.

सहा चौतीस झालेत. छातीत काही नाही. जरासुद्धा आग नाही, आई. मी दर दोन मिनिटांनी बघतेय. एका गोळीनं काही ठरत नाही, हे मला कळतं. पुढच्या बुधवारी काय होईल ते पुढच्या बुधवारी. झाला त्रास तर आता कुणाला विचारायचं ते मला माहीत आहे.

चहाचा वास यायला लागला. गॅसवर आधण ठेवून हे घड्याळाकडे बघत उभे आहेत, तपासणी खात्यात यांचीच नेमणूक झाल्यासारखे.

तेव्हा आता वचन. इथून पुढे कुणाच्याही दुखण्यावर मी फोनवर लाल चिठ्ठी लावणार नाही. आधी विचारीन, कसं घेतलंस, किती घेतलंस, मग काय केलंस. वहिनीला दर बुधवारी फोन करीन, तिनं "बरं" म्हटलं तरी सोडणार नाही. आणि पेला कधी अर्धा ठेवणार नाही. तुझी पळी त्याच्या शेजारीच असते. आज पेला संपवला आणि त्यावर एक पळी जास्तीची घेतली. एकोणचाळिसावी. ती तुझी होती. आणि ती मी खिडकीशी उभं राहून प्यायले, आई, डोंगराकडे बघत.

तुझीच,
अलका